युद्धकाळातल्या नेतृत्वावरचा इतिहासनिष्ठ रोल-प्लेइंग गेम: आराखडा कोणत्या क्रमाने बांधायचा

युद्धकाळातल्या नेत्याची भूमिका खेळाडूला देणारे गेम बहुधा एकाच जागी फसतात. नकाशा देखणा असतो, पोशाख अभ्यासून काढलेले असतात, पण खेळाडूला शत्रूचा तळ दिसतो, बातमी त्याच क्षणी मिळते आणि प्रत्येक सरदार सांगितलं की निघतो. खऱ्या सेनापतीला यातलं काहीच मिळत नव्हतं. त्याच्या हाती शिळी बातमी, अपुरं धान्य आणि आपापली गणितं असलेली माणसं एवढंच होतं. गेमने हेच खेळाडूच्या हातात द्यायचं आहे.

चूक अभ्यासाच्या कमतरतेपेक्षा क्रमात होते. संवाद आणि लढाईचं दृश्य आधी बनतं, मग इतिहास त्याला चिकटवला जातो. खालचा क्रम त्याच्या उलट आहे. नमुन्यासाठी सगळीकडे १७६०-६१ ची पानिपत मोहीम घेतली आहे आणि खेळाडू सदाशिवरावभाऊंच्या जागी आहे. युद्ध दुसरं असलं तरी टप्पे तेच राहतात.

## १. काळाचा तुकडा कापा

संपूर्ण युद्ध किंवा संपूर्ण आयुष्य घेऊ नका. असा तुकडा निवडा ज्यात नेता एकच आहे, निर्णयांना मुदत आहे आणि शेवट ठाऊक आहे. पानिपतासाठी मार्च १७६० (पडदूरहून कूच) ते १४ जानेवारी १७६१ हे दहा महिने पुरतात. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० ला पडले, उदगीरची लढाई ३ फेब्रुवारीला झाली. या घटना सुरुवातीच्या पत्रांतून कळू द्या, खेळायला देऊ नका.

तुकडा याहून लहानही चालतो. २६ ते २८ मे १९४० या तीन दिवसांत लंडनचं पाच जणांचं युद्ध मंत्रिमंडळ जर्मनीशी वाटाघाटींचा मार्ग चाचपायचा की लढत राहायचं यावर भांडत होतं. तेवढ्यावर पूर्ण गेम उभा राहू शकतो, फक्त एक डाव तासाभराचा धरावा लागेल.

डावाची लांबी आत्ताच ठरवा. कूच चालू असताना एक डाव म्हणजे एक आठवडा, दोन सैन्यं समोरासमोर आली की एक डाव म्हणजे एक दिवस. दहा महिन्यांपैकी कुचाच्या साडेसात महिन्यांत साधारण ३३ आठवडी डाव होतात. पानिपतावरच्या अडीच महिन्यांतले मोजके १२ ते १५ दिवस खेळायला द्या, उरलेले सारांशाने पुढे सरकवा.

तपासणी: तुकड्याची सुरुवात, शेवट आणि मध्यावरचं वळण एकेका वाक्यात सांगता येत नसेल तर तुकडा मोठा झाला आहे.

## २. खेळाडूची खुर्ची ठरवा

खेळाडू कोण आहे यापेक्षा त्याचा हुकूम कुठपर्यंत चालतो हे महत्त्वाचं. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: स्वतः करू शकतो, आज्ञा देऊ शकतो, फक्त विनंती करू शकतो. भाऊंच्या बाबतीत तळ कुठे पडेल हे पहिल्या रकान्यात जातं. इब्राहिमखान गारदीच्या तोफा कुठे उभ्या राहतील हे दुसऱ्यात. सूरजमल जाट सोबत राहतील की नाही, पुण्याहून पैसा येईल की नाही, गोविंदपंत बुंदेले गंगा-यमुनेच्या दुआबात अब्दालीची रसद किती तोडतील, हे सगळं तिसऱ्यात.

गोविंदपंत कागदोपत्री हाताखालचे, मग ते तिसऱ्या रकान्यात कसे? कारण ते दूर आहेत, त्यांच्यापुढे स्वतःच्या मुलखाची वसुली आहे आणि आज्ञा मोडली तर भाऊ लगेच काही करू शकत नाहीत. अधिकारपत्रावरून रकाना ठरवू नका, आज्ञा न पाळल्यास काय होतं त्यावरून ठरवा. तिसरा रकाना सर्वांत लांब यायला हवा. तसा येत नसेल तर तुम्ही नेतृत्वाऐवजी सैन्य हलवण्याचा गेम बनवत आहात.

## ३. साधनांचा तक्ता, संवादाच्या आधी

प्रत्येक घटनेची एक ओळ आणि सहा रकाने: तारीख, ठिकाण, कोणी काय केलं, कशावरून कळतं, साधन घटनेनंतर किती काळाने लिहिलं गेलं, खात्रीची श्रेणी.

श्रेणी तीनच ठेवा. अ म्हणजे त्याच दिवसांतलं पत्र किंवा हिशेबाचा कागद. ब म्हणजे प्रत्यक्ष हजर असलेल्याने पुढे लिहिलेला वृत्तांत. क म्हणजे बखर, ऐकीव हकिकत, नंतरची कथा. पानिपतासाठी अ श्रेणीचा साठा मोठा आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये काढलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या पहिल्या खंडात या काळाची पत्रं आहेत. ब श्रेणीत अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराजाचा फारसी वृत्तांत येतो. भाऊसाहेबांची बखर क मध्ये ठेवा. तिच्यातले संवाद इतके जिवंत आहेत की उचलून वापरण्याचा मोह होतोच. वापरा, पण श्रेणी मिटवू नका.

नियम असा: खेळाचा परिणाम ठरवणारी गोष्ट अ किंवा ब वर उभी असावी. क वरून रंग घ्या, माणसाचा दोष ठरवू नका. मल्हारराव होळकर रणातून का निघाले याबद्दल वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे त्यांना दगाबाज ठरवणारा संवाद लिहिला की तुम्ही वादाचा निकाल लावून टाकला. दोन वृत्तांत दोन पात्रांच्या तोंडी द्या आणि खेळाडूला त्या गोंधळातच राहू द्या.

तारखा जुळवताना घाई नको. मराठी कागदांत तिथी, शक आणि सुहूर सन (त्या काळची दप्तरी कालगणना) येतात, फारसीत हिजरी. १४ जानेवारी १७६१ म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. युरोपीय युद्ध घेतलंत तर ब्रिटनचे सप्टेंबर १७५२ आधीचे आणि रशियाचे १९१८ आधीचे कागद जुन्या पंचांगाचे आहेत. अठराव्या शतकात हा फरक ११ दिवसांचा, विसाव्यात १३ दिवसांचा. तो विसरला तर पत्राचं उत्तर पत्राआधी पोचतं.

खबरदारी: सैन्याचे आकडे साधनागणिक बदलतात. तक्त्यात एक आकडा लिहू नका, किमान आणि कमाल लिहा. गेममध्येही शत्रूचं बळ खेळाडूला अंदाजाच्या पट्ट्यातच दिसू द्या, हेराने ताजी खबर आणली की पट्टा अरुंद होईल.

## ४. निर्णयांची पत्रिका

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. तक्त्यातून २४ च्या आसपास निर्णय निवडा. तीसच्या वर गेलात तर लिहून पूर्ण होत नाही, पंधराच्या खाली मोहिमेची दमछाक जाणवत नाही. प्रत्येक निर्णयाची एक पत्रिका आणि तिच्यात पाच गोष्टी:

- आज काय कळलं आहे, ती बातमी किती दिवसांची आहे
- काय ठाऊक नाही
- तीन किंवा चार पर्याय, प्रत्येकाच्या बाजूने बोलणारा एक माणूस
- प्रत्येक पर्यायाची ताबडतोब द्यावी लागणारी किंमत
- उशिरा उगवणारा परिणाम, आणि तो कोणत्या डावात

एक पत्रिका पूर्ण भरून पाहू. १७ ऑक्टोबर १७६० ला यमुनेकाठचं कुंजपुरा हे ठाणं पडलं, धान्य आणि पैसा हाती आला. पावसाळाभर यमुना भरून होती, अब्दाली पलीकडच्या तीरावर. २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास तो बागपतपाशी नदी उतरला आणि दिल्लीची वाट बंद झाली. मधल्या आठ दिवसांत भाऊंपुढे काय होतं?

*कळलेलं:* शत्रू पूर्वतीरावर आहे, नदी ओसरू लागली आहे. *न कळलेलं:* कोणता उतार कधी मोकळा होईल, दिल्लीत ठेवलेली शिबंदी वेळेवर खबर देईल का. *पर्याय:* उत्तरेला कुरुक्षेत्राकडे जाणं, घाटांवर घोडदळाच्या चौक्या बसवणं, सगळं सैन्य घेऊन दिल्लीकडे वळणं. *ताबडतोबची किंमत:* चौक्यांसाठी फौज तोडली तर छावणी पातळ होते आणि कोणत्या सरदाराने जायचं यावरून कुरबुर; परत वळलं तर दाण्यासाठी पुन्हा दिल्लीच्या ओस पडलेल्या मुलखावर अवलंबून राहणं; पुढे गेलं तर आज काहीच किंमत नाही. *उशिराचा परिणाम:* आज फुकट दिसणारा पर्याय दोन डावांनी सर्वांत महाग पडतो.

शेवटची ओळ पत्रिकेचा प्राण आहे. खेळाडूला पानिपताचा शेवट ठाऊक असतो, म्हणून तो पहिल्या दिवसापासून घाटांवर चौक्या बसवू पाहील. त्याला अडवू नका, मोल मागा. घाट अनेक, फौज एक. कोणत्या घाटावर हे त्याला ठरवावं लागलं की पश्चातबुद्धीचा फायदा बराच उतरतो. शत्रूचा उतार प्रत्येक खेळात तीन-चार ठिकाणांमधून बदलता ठेवा. बागपत त्यातलं एक.

पश्चातबुद्धी दुसऱ्या बाजूनेही चुकवते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून अडकलेलं मित्रराष्ट्रांचं सैन्य काढायला सुरुवात झाली तेव्हा दोन दिवसांत ४५ हजार माणसं निघतील असा अंदाज होता. ४ जून १९४० पर्यंत ३ लाख ३८ हजारांहून अधिक निघाली. २६ मेच्या पत्रिकेत ४५ हजारच लिहिले पाहिजेत, नाहीतर त्या दिवशीची भीती खेळाडूपर्यंत पोचत नाही.

तपासणी: पत्रिका इतिहास न वाचलेल्या माणसाला द्या. त्याने दहा सेकंदांत पर्याय निवडला तर एकच पर्याय शहाणा दिसतो आहे. पत्रिका मोडून पुन्हा लिहा.

## ५. बातमीला वाट चालू द्या

प्रत्येक बातमी ही चार खुणा असलेली वस्तू माना: कोणी लिहिली, कधी लिहिली, कधी पोचणार, लिहिणाऱ्याला तेव्हा काय ठाऊक होतं. पाचवी खूण, म्हणजे आजचं सत्य, फक्त संगणकाकडे राहते.

गती ठरवा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा. गेमसाठी असे आकडे धरता येतात: सैन्य बुणग्यांसह (न लढणाऱ्या लवाजम्यासह) दिवसाला १५ किमी, सडी म्हणजे बिनओझ्याची घोडदळाची तुकडी ४०, एकटा जासूद ५०, टप्प्याटप्प्याने बदलणारी डाक १००. पानिपत ते पुणे सुमारे १५०० किमी धरलं तर डाकेनेही पंधरा दिवस आणि उत्तराला आणखी पंधरा. म्हणजे पैशाची मागणी केल्यावर महिनाभर काहीच येणार नाही, आणि येईल ते महिन्यापूर्वीच्या परिस्थितीला दिलेलं उत्तर असेल.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, नकाशा खरी परिस्थिती दाखवतो. नकाशावर शत्रूचं चिन्ह शेवटच्या बातमीच्या जागीच ठेवा, शेजारी ‘६ दिवसांपूर्वी’ असं लिहा आणि दिवसागणिक चिन्ह फिकट करा. दुसरी, उशिरा येणारी बातमी नेहमी खरीच असते. दहातली साधारण दोन पत्रं चुकीची असू द्या, पण चुकीला कारण हवं: हरकारा घाबरला, सरदाराने आपली नामुष्की झाकली, शत्रूने पत्र पेरलं. विनाकारण खोटी बातमी आली की खेळाडू सगळ्याच पत्रांना फाशाचं दान समजू लागतो आणि वाचणं सोडतो.

## ६. दरबारातली माणसं

आठ ते बारा पात्रं पुरेत. प्रत्येकाला तीन ओळी: त्याला काय हवं आहे, तो कशाला भितो, त्याला इतरांपेक्षा काय जास्त ठाऊक आहे. तिसरी ओळ बहुतेक आराखड्यांत नसते आणि म्हणून सल्लागार म्हणजे बोलकी बटणं होतात.

बुणगे, कुटुंबकबिला आणि जड तोफा मागे ठेवून गनिमी काव्याने लढावं, असा सल्ला मल्हारराव आणि सूरजमल यांनी दिल्याचं वृत्तांतांत येतं. भाऊंचा भरवसा गारद्यांच्या तोफखान्यावर होता. उदगीरला याच पद्धतीने जय मिळाला होता. दोन्ही बाजू अनुभवातून बोलत आहेत. एकाला उत्तरेतल्या सपाट मुलखाची धावपळ ठाऊक, दुसऱ्याला तोफेचा ताजा विजय. या वादात लेखकाने पंच होऊ नये.

विश्वास ० ते १० मोजा आणि आकडा लपवा. एका प्रसंगाने तो १ किंवा २ ने हलावा, दिलेला शब्द मोडल्यास ३ ने घटावा. आज्ञा पाळण्याचं सूत्र साधं ठेवा: विश्वास, अधिक त्याचा फायदा, वजा त्याचा धोका. बेरीज ५ किंवा जास्त असली तर लगेच निघतो, २ ते ४ असली तर एक डाव उशिरा, त्याखाली गेली तर सबबीचं पत्र पाठवतो. सबबीची पत्रं मन लावून लिहा. ‘घोडी थकली, दाणा नाही, आज्ञा होताच येतो’ हे वाचून खेळाडूला राग आला की गेम नेतृत्वाचा झाला.

बडतर्फीचं बटण फुकट देऊ नका. अमेरिकी यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकन सेनापती मॅक्लेलनवर नाराज असूनही त्याला हटवायला नोव्हेंबर १८६२ उजाडला, निवडणुका उरकल्यावर. लोकप्रिय सेनापती काढला की त्याचं सैन्य, त्याचे पाठीराखे आणि त्याला ठाऊक असलेली वाट, तिन्ही जातात.

## ७. दाण्याचा हिशेब

मोजपट्ट्या पाचच ठेवा: धान्य, वैरण, रोकड, जनावरं, दम. ‘मनोबल’ नावाची एकच पट्टी टाळा. ती सगळ्या कारणांना एकत्र गिळते आणि खेळाडूला काय बिघडलं ते कळत नाही.

हिशेब आधी कागदावर करा. १० हजार शिपाई, रोजचं माणशी पाऊण किलो धरलं तर साडेसात टन. शिपायामागे दोन बुणगे धरले तर आणखी १५ टन. १० हजार घोडी, प्रत्येकी ४ किलो दाणा धरला तर ४० टन, वैरण वेगळी. लादलेला बैल १०० किलो नेतो असं धरलं तर घोड्यांना रोज ४०० बैल लागतात, शिपायांना ७५. फौज माणसांच्या आधी घोड्यांनी उपाशी पडते. म्हणून धान्य संपण्याच्या कितीतरी आधी घोडदळ कामातून जायला हवं, आणि तेही पायरीपायरीने: आधी वेग घटतो, मग टेहळणी थांबते, मग बातम्या आटतात. हे दुवे जोडलेत की वेढ्याची कोंडी संवादाशिवाय जाणवते.

रोकडीलाही तोंड फोडा. दिल्ली हाती आल्यावर दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवली गेली. पगार निघतो, मित्र दुखावतात. अशा जोडपरिणामाचे किमान चार प्रसंग हवेत.

खबरदारी: रोजचा आकडा खेळाडूला भरायला लावू नका. त्याला ‘आठ दिवसांचा दाणा’ एवढंच दाखवा, वजाबाकी मागे चालू द्या.

## ८. कागदावर खेळा

संगणकाला हात लावण्याआधी २४ पैकी ८ पत्रिका, १२ बातमीच्या चिठ्ठ्या आणि पाच मोजपट्ट्या घेऊन बसा. एकाने संगणक व्हायचं, एकाने खेळाडू. दीड तासात आठ निर्णय व्हायला हवेत. बातमीची चिठ्ठी ज्या डावात पोचणार त्या डावाच्या पाकिटात घाला. उशिराची यंत्रणा चालते की नाही हे पाकिटांतून स्पष्ट दिसतं.

असे पाच खेळ करा, प्रत्येक वेळी नवा माणूस. एखादा पर्याय पाचही खेळांत कोणीच निवडला नाही तर तो काढा. इथे सापडलेली चूक मिनिटात दुरुस्त होते. तीच चूक संगणकावर लिहून झाल्यावर सापडली तर आठवडा खाते.

## ९. इतिहास किती वाकू द्यायचा

सगळ्या गोष्टी तीन थरांत वाटा. *घट्ट:* ऋतू, नदीचं पाणी, अंतरं, अब्दालीचं असणं. *सैल:* मित्र टिकणं, रसद, विश्वास. *मोकळं:* खेळाडू कोणाला काय शब्द देतो, कसा बोलतो.

प्रत्येक निर्णयाला वेगळी शाखा फोडली तर दहा निर्णयांतच हजारावर वाटा होतात. त्याऐवजी मोहिमेत चार गाठी ठेवा: दिल्ली, कुंजपुरा, पानिपतचा तळ, शेवटची मसलत. सगळ्या वाटा गाठीपाशी येतात, पण कोणत्या अवस्थेत येतात ते वेगळं. सूरजमल टिकले तर दाणा वाढेल आणि दिल्लीची बाजू सुरक्षित होईल, एवढंच. त्यांच्या राहण्याने लढाई आपोआप जिंकता येत असेल तर गेमने इतिहासाचं एकच कारण ठरवून टाकलं.

शेवट पाच-सहा करा. त्यांत पूर्ण विजय ठेवायचा असेल तर तो दुर्मीळ आणि महाग असावा. तह करून माघार हा सन्मानाचा शेवट म्हणून लिहा, हार म्हणून नव्हे.

## १०. लढाईचा दिवस

हा टप्पा मुद्दाम उशिरा आणि आखूड आहे. १४ जानेवारीला खेळाडूला सहाच आज्ञा द्या. प्रत्येक आज्ञेला पोचायला वेळ, आणि धुरामुळे परिणाम ऐकू येतो, दिसत नाही. इब्राहिमखानाच्या तोफा डावीकडे, शिंदे-होळकर उजवीकडे, मध्ये भाऊ आणि विश्वासराव. विश्वासराव पडल्यावर पुढचा निर्णय खेळाडूचा: मागे राहून सैन्य सावरायचं की पुढे घुसायचं. तोवर उपाशी घोडी किती धावतात हे सातव्या टप्प्यातल्या आकड्यांनी ठरलेलं असतं, आणि तसंच असावं.

लढाईनंतरची कत्तल आणि कैद झालेले बिनलढाऊ लोक यांवर गुण, पदक, चित्तथरारक संगीत नको. दोन ओळींचं पत्र पुरे. शत्रूपक्षाच्या माणसांनाही सहाव्या टप्प्यातल्या तीन ओळी लिहा. अब्दालीच्या छावणीतही पैशाची ओढ आणि घरी परतायची घाई होती.

## ११. मजकूर आणि देवनागरी

एका निर्णयाला पत्रं १७५ शब्द, मसलत ३५०, चार पर्याय मिळून १६०, तीन परिणाम मिळून ३६०. बेरीज हजारावर, म्हणजे २४ निर्णयांना सुमारे २५ हजार शब्द. एकट्या लेखकाला हे काही महिन्यांचं काम आहे, तसंच वेळापत्रक धरा.

भाषा अर्धवट जुनी करू नका. पत्रांचा मायना आणि शेवट त्या काळच्या वळणाचा, मधला मजकूर आजच्या वाचकाला कळेल असा. संवादात ‘टेन्शन’ नको, आणि प्रत्येक वाक्यात ‘आज्ञा शिरसावंद्य’ही नको. कोण कोणाला अहो-जाहो करतो, कोण एकेरी बोलतो, याचा तक्ता पात्रांच्या शेजारीच ठेवा.

सॉफ्टवेअरबाबत: शाखांचा मजकूर ट्वाइन किंवा इंकमध्ये लिहिता येतो. ट्वाइन ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे देवनागरी नीट उमटते. गोडो ४ या गेम इंजिनमध्येही जोडाक्षरं जुळतात. युनिटी या गेम इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या घटकात मात्र ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी बसणं आणि जोडाक्षर फुटणं हा नेहमीचा त्रास आहे. पहिल्याच दिवशी ‘वऱ्हाड, कर्तृत्व, दृष्टी, मिर्झा, सांडणीस्वार, श्रीमंत’ ही ओळ पडद्यावर टाकून बघा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, तेही तेव्हाच पाहा.

## १२. चाचणी

सहा माणसं बोलवा: तिघं इतिहास जाणणारी, तिघं गेम खेळणारी. शेजारी बसा आणि मदत करू नका. खेळ संपल्यावर ‘आवडला का’ विचारू नका, हे विचारा:

- कोणतं पत्र तुम्ही पुन्हा उघडून वाचलंत?
- कोणावर विश्वास ठेवून पस्तावलात, आणि त्याचं कारण कधी कळलं?
- कुठे वाटलं की पर्याय होता पण गेमने दिला नाही?

पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पाचव्या टप्प्याकडे परत जा. दुसऱ्याला ‘कारण कळलंच नाही’ असं उत्तर आलं तर विश्वासाचे बदल खेळाडूला कोणत्याच संवादातून दिसत नाहीत. तिसऱ्याची उत्तरं साधनांच्या तक्त्याशी ताडा. सुचवलेला पर्याय तेव्हा खरोखर कोणाच्या पत्रात आला असेल तर तो जोडा. नसेल, तर तो का शक्य नव्हता हे एखाद्या सरदाराच्या तोंडी एका वाक्यात घाला.